टेलला पाणी

पाण्याचा प्रवाह हाच माझा धंदा आहे, पण चारचौघांत तसं सांगता येत नाही. लीड्सच्या एका हॉस्पिटलात मी युरॉलॉजिस्ट आहे. साठी ओलांडलेले पुरुष माझ्याकडे येतात, थोडा वेळ हवेचं बोलतात, क्रिकेटचं बोलतात, आणि मग आवाज उतरवून सांगतात की हल्ली पूर्वीसारखी धार राहिली नाही. मी त्यांना एका यंत्रात लघवी करायला लावतो. यंत्र कागदावर रेघ काढतं. रेघ टेकडीसारखी चढून उतरली तर ठीक. पठारासारखी सपाट लांबत गेली तर कुठेतरी अडलंय. इतकी वर्षं मी असल्या रेघा वाचत आलोय. तेव्हा आमच्या बैठकीतल्या चार फुटी काचेच्या टाकीत पाणी कसं फिरवायचं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची वेळ येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाबांचंही तेच. बाबा पाटबंधारे खात्यात होते. सगळी नोकरी कालव्यांवर गेली आणि कार्यकारी अभियंता म्हणून ते निवृत्त झाले. पाण्यातलं आपल्याला कळतं तेवढं देवालाही कळत नाही, असा त्यांचा अजून समज आहे. मी नेमका कसला डॉक्टर आहे ते मात्र त्यांना उच्चारवत नाही. सांगलीत कुणी विचारलं तर ‘किडनीचा’ म्हणून मोकळे होतात.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर बाबा सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहात होते आणि फोनवर विचारलं की ‘जेवलो’ म्हणत होते. माझी बहीण नाशिकला असते. एकदा ती न कळवता जाऊन थडकली, तर शेगडीवर धूळ, फ्रिजमध्ये दुधाची एक पिशवी आणि टेबलावर बिस्किटांचा डबा. दूध आणि बिस्किटं, सकाळ-संध्याकाळ. बहिणीने मला फोन करून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मी बाबांचा व्हिजिटर व्हिसा काढला आणि ऑक्टोबरात त्यांना लीड्सला घेऊन आलो. परतीचं तिकीट सहा महिन्यांनंतरचं होतं, कारण त्याहून जास्त इथे राहू देत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, “तिकीट अलीकडचं होतं का बघ.”

“बघतो,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, “एअरलाइनची वेबसाइट बंद आहे.” 

ज्याने उभा जन्म सरकारी नोकरीत काढला त्याला यंत्रणा बंद आहे हे चटकन पटतं. तरी ते दर दोन दिवसांनी विचारत, आणि वेबसाइट बंदच असे. मला एवढंच हवं होतं की थंडी संपेपर्यंत तरी त्यांनी इथे राहावं, दोन वेळा गरम जेवावं, आणि त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये परत जाऊ नये. पण हे सरळ सांगायचं कसं? आमच्या घरात बापलेक असलं काही बोलत नाहीत. ‘गाडीत पेट्रोल आहे ना?’ एवढं विचारतात, त्यातच सगळं आलं.

त्यांचं मन रमवायला मी काय काय केलं! देवळात नेलं, तर चप्पल काढायला खुर्ची नाही म्हणून कुरकुरले. मॉलमध्ये नेलं, तर बाकावर बसून राहिले. शेवटी मला युक्ती सुचली आणि मी त्यांना आमच्याकडचा मोठा कालवा दाखवायला नेलं. मला वाटलं, माहेरचं माणूस भेटल्यासारखं होईल. बाबा काठावर उभे राहिले, मफलर सारखा केला आणि म्हणाले, “याच्यावर भिजतं काय काय?”

“काहीच नाही बाबा. पूर्वी यातून मालाच्या बोटी जायच्या.”

“म्हणजे पाणी नुसतं उभं आहे?”

“हो.”

ते वळले आणि गाडीच्या दिशेने चालू लागले. त्यानंतर त्यांनी बैठकीतली खिडकीजवळची खुर्ची धरली ती धरलीच.

त्या खुर्चीसमोर माझी टाकी होती. खाऱ्या पाण्याची. मुलगी शिकायला एडिनबराला गेल्यावर घर एकदम ओकंबोकं झालं, तेव्हा मी ती घेतली होती. बायकोचं म्हणणं, या वयात पुरुष मोटरसायकल तरी घेतात किंवा मॅरेथॉन तरी धावतात, तू निदान बसून करायचं काहीतरी काढलंस. ती जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीतलं कमी धोक्याचं काय ते तिला आधी दिसतं.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे पाळणं सोपं असतं, पाणी पाळणं अवघड. समुद्रात पाणी सतत हलतं. टाकीत ते आपण हलवायचं, नाहीतर कोपऱ्याकोपऱ्यात घाण साचते, तपकिरी बुरशीसारखा थर धरतो आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, मरतात. त्यासाठी मुठीएवढे पंप मिळतात. ते आतून काचेला लावायचे आणि बाहेरून मॅग्नेटने धरून ठेवायचे. मी असे दोन पंप आणले, पूर्ण जोरात सोडले आणि झोपलो. सकाळी बघतो तर तळातली सगळी वाळू एका बाजूला ढीग होऊन बसलेली, दुसऱ्या बाजूला उघडी काच, आणि माझे दोन केशरी क्लाउनफिश दगडाच्या आडोशाला डोळे मिटता येत नाहीत म्हणून उघडे ठेवून बसलेले.

“समुद्र करायचा होता ना?” बायको म्हणाली. “तू राजस्थान केलंस.”

मी दुकानात गेलो. दुकानदार यॉर्कशरचा, दाढीवाला, निवांत माणूस. तो म्हणाला, “गिव्ह इट फ्लो, मेट. बट नॉट टू मच फ्लो.” ‘मीठ चवीनुसार’ लिहिणाऱ्या पाककृतींचा मला लहानपणापासून राग आहे, तोच राग मला त्या क्षणी आला. मी पंप कमी केले, वर केले, खाली केले, समोरासमोर केले. बाकी सगळं ठीकठाक झालं, पण डाव्या कोपऱ्यातली छत्री उघडेना.

छत्री म्हणजे माझं सगळ्यात आवडतं कोरल. चामड्यासारखं मऊ, जाड देठाचं, वर छत्रीसारखं पसरलेलं. उघडलं की छत्रीभर बारीक केसर फुलतात आणि पाण्याबरोबर डोलतात. मिटलं की गुळगुळीत टक्कल. मधूनमधून ते अंगावर मेणासारखी कात धरतं, आणि ती कात धुऊन न्यायला पाण्याचा झोत लागतो. झोत मिळाला नाही तर कात अंगावरच सडते आणि कोरल कामातून जातं. माझी छत्री ऑक्टोबरभर टक्कल घेऊन बसली होती. मी रोज हॉस्पिटलातून आलो की कोट न काढता आधी तिच्यासमोर उभा राहायचो.

अशाच एका संध्याकाळी मागून आवाज आला, “टेलला पाणी पोचत नाही तुझ्या.”

दोन आठवड्यांत ‘हो’, ‘नको’ आणि ‘तिकीट’ यांपलीकडचं बाबांचं ते पहिलं वाक्य होतं. मी वळून बघितलं. ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

“काय म्हणालात?”

“टेल, टेल! कालव्याच्या तोंडाशी असतो तो हेडचा शेतकरी. शेवटाला असतो तो टेलचा. हेडवाला पाणी उपसतो, ऊस लावतो, मजा करतो. टेलवाल्याच्या चारीत गवत उगवतं, आणि तो बिचारा आमच्या ऑफिसात अर्ज घेऊन येतो.” ते उठले, टाकीजवळ आले आणि मधल्या भल्यामोठ्या दगडावर त्यांनी बोट ठेवलं. त्या दगडावर माझी बाकीची कोरल जोमाने वाढत होती. “हा कोण?”

“दगड आहे बाबा.”

“दगड नाही. हा चेअरमन. सगळं पाणी हाच खातो. तुझी ती टकली याच्या मागे बसलीय, तिला कुठून मिळणार?”

“मग चेअरमनला हलवूया. मलाही वाटतच होतं, इथे ऑब्स्ट्रक्शन आहे.”

“तुला सगळीकडे तेच दिसतं,” बाबा म्हणाले. “आणि चेअरमन हलत नसतो. माझ्या सबंध नोकरीत एकही हलला नाही. त्याला तिथेच ठेवून टेलला पाणी न्यायचं, याला इंजिनीअरिंग म्हणतात.”

त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला. बायकोने मला टेबलाखालून पाय मारला.

मग बाबांनी टाकी ताब्यात घेतली. सकाळी आंघोळ करून, स्वेटर घालून, ड्यूटीवर हजर. टाकीला ते लाभक्षेत्र म्हणू लागले. दोन्ही पंप एकदम चालू ठेवणं हा त्यांना शुद्ध उधळेपणा वाटे. पाणी आवर्तनाने सोडायचं असतं, म्हणजे पाळीपाळीने, आधी टेल आणि मग हेड. मी हॉस्पिटलात गेलो की ते भिंतीवरच्या स्विचने एक पंप बंद करत, थोड्या वेळाने तो चालू करून दुसरा बंद करत. मला हे कळलं ते क्लाउनफिशमुळे. ते बिचारे स्विचचा आवाज झाला की टाकीच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन थांबायला शिकले होते.

आमची भांडणंही सुरू झाली. माझं म्हणणं, प्रवाह लाटेसारखा चढता-उतरता हवा. त्यांचं म्हणणं, प्रवाह एकसारखा हवा, चढउतार झाला की काठ खचतात. मी म्हणे, टाकीला काठ कुठे आहेत? ते म्हणत, तेवढ्यासाठी सिद्धान्त बदलत नसतो. मुलीचा एडिनबराहून व्हिडिओ कॉल आला की आम्ही दोघं तिच्याकडे एकमेकांच्या तक्रारी करत असू.

“आजोबा, तुमची मासा कसा आहे?” ती विचारायची. तिचा जन्म इथला. मराठी बोलते हेच खूप. आणि बाबा, जे एरवी मला एका शब्दाचं उत्तर देत, ते तिला चारी, पोटचारी आणि गेट यांवर लांबलचक व्याख्यान देत. एकदा ती नंतर मला म्हणाली, “आय थॉट आजोबा क्वाएट टाइप आहे. ही नेव्हर स्टॉप्स!”

“आहेत म्हण,” मी म्हटलं. पण मला इतका आनंद झाला होता की व्याकरण मी तिथेच सोडून दिलं.

तिकिटाचं विचारणं मात्र थांबलं नव्हतं. आधी दोन दिवसांनी विचारत, आता आठवड्याने विचारत, एवढाच फरक. छत्री अजून टक्कल घेऊन बसली होती, आणि बाबांचा धीर सुटत चालला होता. मोजल्याशिवाय काही कळायचं नाही, असं ते म्हणू लागले. कालव्यात पाण्याचा वेग बघायला तरंगतं काहीतरी सोडतात आणि घड्याळ लावून बसतात. आमच्याकडे तरंगतं म्हणजे चुरमुरे. शनिवारी सकाळी बायको क्लिनिकला गेल्याबरोबर बाबांनी डब्यातून मूठभर चुरमुरे आणले. ते पाण्यावर ऐटीत फिरले, चेअरमनच्या डोक्यावरून गेले आणि फिल्टरच्या जाळीत जाऊन अडकले.

“हे वरच्या पाण्याचं झालं,” बाबा म्हणाले. “खालचं कसं कळणार? असं काहीतरी पाहिजे की जे तरंगणार नाही, पण लगेच बुडणारही नाही.”

“आणि दिसलं पाहिजे,” मी म्हटलं. “आमच्याकडे निळी डाय असते.”

“डाय पसरते. दाणा पाहिजे, दाणा.”

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. त्या दिवशी संकष्टी होती. ओट्यावर ताटलीखाली बायकोने खिचडीसाठी साबुदाणा भिजत घातला होता. मी ताटली उचलली. पांढरेशुभ्र, टपोरे, एकेक मोकळा दाणा. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“धुतलेला आहे ना?” बाबांनी विचारलं.

“दोनदा,” मी म्हटलं.

आम्ही शास्त्र तपासलं ते एवढंच. एक कन्सल्टंट सर्जन आणि एक कार्यकारी अभियंता.

बाबांनी पंपासमोर मूठ धरली आणि हळूच उघडली. दाणे झोतात शिरले आणि पाणी एकदम दिसायला लागलं. आजवर मी पंप बघितले होते, मासे बघितले होते. पाणी कसं चालतं ते बघितलंच नव्हतं. दाण्यांची एक माळ सरळ चेअरमनवर आपटली, तिथे तिचे दोन फाटे झाले, एक वर उसळला, एक समोरच्या काचेला लागून परत फिरला. क्लाउनफिश एकेक दाणा तोंडात घेऊन, चव बघून, थुंकत होते. आणि चेअरमनच्या मागे, बरोबर छत्रीच्या पायाशी, दाणे गोल गोल घोटाळून मुकाट खाली बसले.

“बघ! बघ! तिथेच मरतंय पाणी!” बाबा ओरडले, आणि टाकीवर हात ठेवून हसायला लागले. मोठ्याने, खांदे हलवत, सांगलीच्या घरात हसायचे तसे. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मीही हसलो. मग ते म्हणाले, एका रीडिंगवर विसंबायचं नसतं, आणि दुसरी मूठ सोडली. मग दुसरा पंप तपासायला तिसरी. शेवटची बहुधा नुसती मजा म्हणून.

दुपारी बायको आली आणि पातेल्यात डोकावून म्हणाली, “साबुदाणा निम्मा कसा झाला?”

मी पेपर वाचू लागलो. बाबा म्हणाले, “मी खाल्ला.”

“कच्चा?”

“हो. उपास होता ना.”

तिने पर्स खाली ठेवली, बाबांना सोफ्यावर आडवं केलं, पोट दाबून बघितलं, दुखतंय का विचारलं. बाबा माझ्याकडे न बघता प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणत राहिले. नंतर तिने मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं की वय झालंय, असं वागणं सुरू होऊ शकतं, आपण लक्ष ठेवायला हवं.

रविवारी सकाळी तिचीच हाक ऐकू आली. मी खाली गेलो. टाकीच्या जागी ताकाने भरलेली काचेची पेटी होती. पलीकडचं काही दिसत नव्हतं. दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करत होते. पिठूळ पाण्यात जंतू माजले की ते पाण्यातला ऑक्सिजन खातात, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग काय! बायको काचेला चिकटलेल्या एका दाण्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या बाबांकडे बघितलं.

“माशांनाही संकष्टी धरायला लावलीत का?” ती म्हणाली.

त्यानंतरचे काही तास आम्ही नुसतं पाणी वाहिलं. मी पंप वरच्या बाजूला वळवले, म्हणजे पृष्ठभाग घुसळून हवा मिसळेल. निम्मं पाणी काढायचं, तेवढंच नवं पाणी मीठ घालून, कोमट करून ओतायचं. बायकोने घरातल्या सगळ्या बादल्या आणि पिठाचा मोठा डबासुद्धा काढून दिला. बाबांनी नळी घेतली आणि टाकीसमोर पाटावर बसले. नळीला तोंड लावून पाणी ओढलं, खाऱ्या पाण्याचा घोट तोंडात आला तरी हूं की चूं केलं नाही, आणि तळातला दाणा अन् दाणा वेचून काढला. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. दुपारपर्यंत पाणी ताकाचं निवळ झालं आणि मासे खाली गेले.

बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, “वेबसाइट सुरू झाली असेल तर तिकिटाचं बघ. माझी अक्कल आता चालत नाही. तुमच्या घरात उगाच माझी ब्याद.”

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. हातात भरलेली बादली होती, कंबर मोडली होती, पायमोजे भिजले होते, आणि मी ओरडलो, “वेबसाइट कधी बंद नव्हतीच बाबा! मी खोटं सांगत होतो! तिथे जाऊन परत दूध-बिस्किटं खात बसणार तुम्ही, आणि फोनवर जेवलो म्हणून सांगणार. मला नको आहे ते. मला तुम्ही इथे हवे आहात. अक्कल चालो नाहीतर न चालो.”

स्वयंपाकघरातला नळ एकदम बंद झाला. बायको आत कान देऊन उभी होती, हे मला न बघता कळलं. बाबा टाकीकडे बघत राहिले. मी बादली खाली ठेवली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

मग नळी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, “रीडिंग तर मिळालंय.”

“हो.”

“टेलला पाणी पोचल्याशिवाय आवर्तन बंद करता येत नाही. तेवढं काम पुरं करतो, मग जातो.”

म्हणजे तिकीट छत्रीच्या हाती गेलं. यापेक्षा चांगली बोली मला मिळणार नव्हती, म्हणून मी ती मुकाट पदरात पाडून घेतली.

बाबांनी पुढचे दिवस नुसतं बघण्यात घालवले. मग एका रविवारी त्यांनी माझ्याकडून एक पंप उलट्या बाजूच्या काचेला लावून घेतला, समोरच्या काचेवर तिरका मारून. झोत काचेला लागायचा, तिथून वळायचा, चेअरमनला वळसा घालून मागे शिरायचा आणि छत्रीवर येऊन मोडायचा. चेअरमनला हात लागला नाही. दुकानदाराने नाताळच्या आधी मला विचारलं, जमलं का, तेव्हा मी म्हटलं, घरी माझे वडील बघतात.

नव्या वर्षात एका सकाळी मी हॉस्पिटलला निघालो होतो. सहज टाकीकडे बघितलं, तर मेणाची कात तुकड्यातुकड्यांनी सुटून वाहून गेली होती आणि छत्री उघडली होती. सगळीच्या सगळी. केसर अन् केसर डोलत होता. इतके महिने ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि मला आठवलं ते तिकीट. काम पुरं झालं होतं. मी टाकीकडे पाठ करून चहा प्यायलो. बाबाही समोर बसून चहा पीत होते. त्यांच्या खुर्चीतून छत्री अगदी सरळ दिसत होती, पण ते फुटपाथवरच्या कुत्र्याबद्दल बोलत होते.

संध्याकाळी आलो तर छत्री परत मिटलेली. पंपाचं तोंड भलतीकडे होतं.

“मॅग्नेट ढिला आहे,” बाबा म्हणाले. “सरकतो.”

आम्ही तो सारखा केला. चार दिवसांनी छत्री उघडली, दुसऱ्या दिवशी पंप सरकलेला. मी नवा, जास्त ताकदीचा मॅग्नेट आणला. तो बसवताना माझं बोट चेमटलं, एवढा ताकदीचा. तोही सरकला. बाबा हळहळत म्हणत, इकडच्या मालाला काही अर्थ राहिलेला नाही. मीही हळहळायचो, आणि मनातल्या मनात त्या मॅग्नेटला हात जोडायचो. तिकिटाचा विषय निघाला नाही.

मार्च उजाडला. परतीच्या तारखेला अजून अवकाश होता. पंप आठवडाभर जागचा हलला नव्हता, आणि छत्री अशी फुलली होती की बायकोने तिचा फोटो मुलीला पाठवला. त्या रात्री बाबा जेवताना म्हणाले, “चांगलं आलंय आता.” एवढंच म्हणाले, पण मला त्यात ‘काम पुरं झालं’ असंच ऐकू आलं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं आणि पंप जरासा फिरवून ठेवायचा, असं मी ठरवलं. फार नाही, बोटभर. कोरलला चार दिवसांनी काही होत नाही.

सकाळी उजाडता उजाडता मी जिना उतरलो. बैठकीतला दिवा लागलेला होता. बाबा टाकीसमोर पाटावर उभे होते. स्वेटरची बाही कोपराच्या वर दुमडलेली, हात दंडापर्यंत पाण्यात, आणि बोटांत पंप. ते तो सावकाश, काळजीपूर्वक, छत्रीपासून पलीकडे वळवत होते.

त्यांनी मला बघितलं. हात पाण्यातच राहिला.

“सरकलाय वाटतं,” ते म्हणाले.

“हो ना,” मी म्हटलं. “मी तेच बघायला आलो.”

त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. माझीही बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. त्यांनी ती नीट बघून घेतली आणि मग परत टाकीकडे तोंड केलं.

“टेलला काही अजून पाणी पोचत नाही,” बाबा म्हणाले.

“नाही पोचत,” मी म्हटलं, आणि आमच्या दोघांचा चहा टाकायला आत गेलो.